दहा पाइपांचं त्रैराशिक

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, गणिताच्या मास्तराला रेडिओवर बोलायला बोलावलं की त्याची पंचाईत होते. फळा नाही, खडू नाही आणि मागच्या बाकावर कोण डुलक्या घेतंय तेही दिसत नाही. म्हणून सुरुवातीलाच विनंती करतो. हाताशी कागद-पेन्सिल असेल तर घेऊन बसा. नसेल तरी हरकत नाही, आकडे मी सोपेच घेणार आहे.

आजचा विषय आहे प्रमाण. शाळेत आपण सगळ्यांनी तो शिकलेला असतो. ‘एक डझन केळी अमुक रुपयांना, तर सात केळ्यांना किती?’ अशा गणितांतून तो भेटतो आणि परीक्षा संपली की मागे पडतो. पण घराचा प्लॅन पाहताना, गावाचा नकाशा उलगडताना, शंभर माणसांच्या जेवणाचा शिधा काढताना तो पुन्हा दारात उभा राहतो. मी हा धडा सुमारे तीस वर्षं शिकवला. त्या काळात एकदा मी स्वतःच त्यात चुकलो आणि त्या चुकीची किंमत माझ्या सख्ख्या काकांनी मोजली. ती हकिगत सांगणारच आहे, पण आधी थोडं गणित.

दोन संख्यांची तुलना भागाकारानं केली की ते झालं गुणोत्तर. एका वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, हे गुणोत्तर एकास दोन. तांदूळ पाच वाट्या घेतले तर पाणी दहा वाट्या. दोन्ही वेळचं गुणोत्तर सारखंच राहिलं, म्हणजे या चार संख्या प्रमाणात आहेत. चारांपैकी तीन माहीत असल्या की चौथी काढता येते. तीन राशींवरून चौथी काढायची, म्हणून आपल्याकडे या रीतीला त्रैराशिक म्हणतात.

ही रीत फार जुनी आहे. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमाराला ‘आर्यभटीय’ लिहिलं, त्यात ती आहे. ज्ञात जोडीतली पहिली राशी ‘प्रमाण’, दुसरी ‘फल’ आणि ज्याचं उत्तर हवं ती ‘इच्छा’. फलाला इच्छेने गुणायचं आणि प्रमाणाने भागायचं, एवढाच नियम. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ रचली. सारं अंकगणित त्रैराशिकाने व्यापलेलं आहे, असं त्यांचं मत होतं. ‘लीलावती’त सावल्यांवरची गणितंही आहेत. तसलंच एक आपण करू. अंगणात एक मीटर उंचीची काठी उभी करा. तिची सावली ऐंशी सेंटिमीटर पडली. त्याच वेळी शेजारच्या नारळाची सावली मोजली, ती भरली ९.६ मीटर. मग नारळ किती उंच? ०.८ मीटर सावलीला एक मीटर उंची, तर ९.६ ला किती? ९.६ भागिले ०.८, म्हणजे बारा. झाडावर न चढता उंची मिळाली. अट एकच, दोन्ही सावल्या एकाच वेळी आणि सपाट जमिनीवर मोजलेल्या हव्यात. सकाळची काठी आणि दुपारचा नारळ, असं चालणार नाही. ही अट लक्षात ठेवा. प्रमाणाच्या बहुतेक चुका आकडेमोडीत होत नाहीत, त्या अशा अटी विसरल्यामुळे होतात.

आता नकाशाकडे येऊ. नकाशा म्हणजे जमिनीचं लहान केलेलं चित्र. किती लहान केलं, हे सांगणारी संख्या म्हणजे नकाशाचं प्रमाण. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे ‘एक इंचास एक मैल’ या प्रमाणाचे असत. मैलात ५,२८० फूट आणि फुटात १२ इंच, म्हणजे एका मैलात ६३,३६० इंच. म्हणून त्या नकाशाचं प्रमाण १:६३,३६०. पुढे मेट्रिक पद्धत आली आणि १:५०,००० चे नकाशे आले. त्यांत दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. तोंडी हिशेबाला हे किती सोपं झालं पाहा!

इथे पुष्कळांचा एक गोंधळ होतो. ५०,००० हा आकडा १,००० पेक्षा मोठा, म्हणून १:५०,००० हा ‘मोठ्या प्रमाणाचा’ नकाशा, असं वाटतं. खरं उलटं आहे. एक भागिले हजार हा अपूर्णांक एक भागिले पन्नास हजारपेक्षा मोठा. भाकरीचे हजार तुकडे केले तर एक तुकडा निदान दिसेल, पन्नास हजार केले तर पीठच होईल. म्हणून शेताचा, घराचा १:१,००० चा नकाशा तो मोठ्या प्रमाणाचा, आणि जिल्ह्याचा, देशाचा तो लहान प्रमाणाचा.

याचा परिणाम चुकीवरही होतो. १:१,००० च्या नकाशावर पट्टी एक मिलिमीटर सरकली तर जमिनीवर एक मीटरची चूक. १:५०,००० च्या नकाशावर तोच मिलिमीटर पन्नास मीटरांचा होतो. पेन्सिलीची टोकदार रेघसुद्धा तिथे एखाद्या रस्त्याहून रुंद असते. म्हणून बांधाचा वाद तालुक्याच्या नकाशावर कधी सुटत नाही.

प्रमाणाच्या जोरावर माणसाने केवढी कामं केली, याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. १८०२ मध्ये विल्यम लॅम्ब्टनने मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांची एक सरळ पायारेषा साखळीने मोजली. तिथून पुढे त्रिकोणामागून त्रिकोण जोडत, मुख्यतः कोन मोजून आणि बाजूंची गुणोत्तरं काढून, ही मोजणी हिमालयापर्यंत गेली. अधूनमधून पडताळ्यासाठी नव्या पायारेषा प्रत्यक्ष मोजल्या जात. राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाचा ज्या आकडेमोडीत मोठा वाटा होता, तिच्यातून एका शिखराची उंची निघाली २९,००२ फूट. १८५६ मध्ये ती जाहीर झाली. तेच एव्हरेस्ट. २०२० मध्ये जाहीर झालेली उंची ८,८४८.८६ मीटर आहे. जुना आकडा मीटरमध्ये मांडला तर दोन्हींत फरक पडतो साधारण नऊ मीटरांचा. शिखरावर पाय न ठेवता हे साधलं. त्यात ‘अधूनमधून पडताळा’ हे शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. का, ते आता माझ्या हकिगतीतून कळेल.

१९९७ सालची गोष्ट. वडील जाऊन वर्ष झालं होतं. गावी आमचं साडेतीन एकर रान, सातबाऱ्यावर क्षेत्र एक हेक्टर ४२ आर. आर म्हणजे शंभर चौरस मीटर, साधारण आपला एक गुंठा. शेजारी लागून नानांचं, म्हणजे माझ्या धाकट्या काकांचं रान. मध्ये सामाईक बांध. विहीर आमच्या रानात, पण तिच्यात नानांची निम्मी पाळी. वडील आणि नाना वेगळे झाले तेव्हा मोजणी झाली होती. तिचा नकाशा मुंबईला थोरल्या भावाकडे होता. आम्हां भावांचे कागद करायचे म्हणून त्याने मला त्याची झेरॉक्स पोस्टाने पाठवली.

संक्रांतीच्या सुट्टीत मी ती घेऊन बसलो. कोपऱ्यात स्वच्छ लिहिलेलं, ‘प्रमाण १:१०००’. म्हणजे एक सेंटिमीटरला दहा मीटर. आमचं रान बरंचसं आयताकृती. पट्टी लावली. लांबी दहा सेंटिमीटर, रुंदी ७.१. म्हणजे जमिनीवर १०० मीटर गुणिले ७१ मीटर, ७,१०० चौरस मीटर. एकाहत्तर आर!

सातबाऱ्यावर एकशे बेचाळीस आणि नकाशात एकाहत्तर. बरोबर निम्मं. मी तीनदा मोजलं, तिन्ही वेळा तेच. मग राहिलेलं निम्मं गेलं कुठे? शेजारी रान एकच होतं. त्याच संध्याकाळी चार माणसांदेखत मी नानांना तो कागद दाखवला आणि म्हणालो, “मोजणीत आमचं निम्मं रान तुमच्याकडे गेलंय. आकडा समोर आहे.” नाना कागदाकडे बघत राहिले. एक शब्द बोलले नाहीत. उठून गेले.

त्यानंतर नानांनी विहिरीवर येणं सोडलं. पाळीच्या दिवशीही यायचे नाहीत. त्यांनी उन्हाळी भुईमूग केला होता, तो चैत्रात पाण्यावाचून डोळ्यांदेखत वाळला. आम्ही म्हणायचो, राग आलाय म्हाताऱ्याला. चोरी उघडी पडली की राग येतोच.

दिवाळीत मी पुन्हा गावी गेलो. गव्हाला पाणी द्यायचं म्हणून गडी विहिरीपासून पाइप जोडत होता. मी बांधावर आईला तोच कागद दाखवत होतो. ही विहीर, हा नानांकडचा बांध, ही आपली हद्द. आई कधी शाळेत गेलेली नाही. तिने विचारलं, “कागदावर हिरीपासून बांध किती लांब दाखवलाय?” मी पट्टी लावली. सव्वाचार सेंटिमीटर. “म्हणजे साडेबेचाळीस मीटर,” मी म्हणालो. “पाइपात सांग की,” ती म्हणाली. शेतातला पाइप सहा मीटरचा असतो. हिशेब केला, सात पाइप. आई समोर बघत म्हणाली, “सात पाइपात पाणी पोचतंय व्हय रं त्या बांधाला? दहा जोडतोय त्यो गडी. तुझ्या आज्याच्या वक्तापासनं बांध तितंच हाय.”

मी पाइप मोजले. दहा. साठ मीटर. कागद म्हणत होता साडेबेचाळीस.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि पाठोपाठ पोटात गोळा आला. बांध हलला नव्हता, कागद आकसला होता. तालुक्याच्या गावी जाऊन भावाला फोन लावला. तो सहज म्हणाला, “अरे, मूळ कागद मोठा आहे. दुकानदाराने लहान करून दिला, पाकिटात बसावा म्हणून.”

काय झालं होतं ते आता नीट पाहू. झेरॉक्सच्या दुकानात ए-थ्री आणि ए-फोर असे दोन कागद असतात. ए-थ्री मधोमध दुमडला की ए-फोर होतो, आणि कागदाचा आकार, म्हणजे लांबी-रुंदीचं गुणोत्तर, तेच राहतं. ए-थ्रीवरचं चित्र ए-फोरवर आणायचं तर यंत्र प्रत्येक लांबी ७१ टक्के करतं. लांबी ७१ टक्के आणि रुंदीही ७१ टक्के. मग क्षेत्रफळ किती? ०.७१ गुणिले ०.७१, म्हणजे जवळपास ०.५०. निम्मं! लांबी तीन दशांशाहूनही कमी घटली आणि क्षेत्र मात्र अर्धं झालं. कोपऱ्यात लिहिलेला ‘१:१०००’ मात्र तसाच राहिला. अक्षरं लहान झाली, पण आकडा तोच.

चूक सुधारण्यासाठी पुन्हा त्रैराशिकच उपयोगी पडलं. कागदावरचे ४.२५ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ६० मीटर. तर एक सेंटिमीटर म्हणजे किती? ६० भागिले ४.२५, सुमारे १४.१ मीटर. म्हणजे त्या झेरॉक्सचं खरं प्रमाण १:१,४१० च्या आसपास होतं. आता रानाची लांबी दहा सेंटिमीटर, म्हणजे १४१ मीटर. रुंदी ७.१ सेंटिमीटर, म्हणजे १०० मीटर. क्षेत्र १४,१०० चौरस मीटर, एक हेक्टर ४१ आर. सातबाऱ्यावर ४२. एका आरचा फरक माझ्या पट्टीचा आणि पेन्सिलीचा.

मग मी जानेवारीतच करायला हवी होती ती गोष्ट केली. त्याच कागदावर नानांचं रान मोजलं. जुन्या १:१००० ने हिशेब केला तर तेही त्यांच्या सातबाऱ्याच्या निम्मंच भरत होतं! दोघांचंही निम्मं गेलं, तर उरलेलं गेलं कुठे, हा प्रश्न तेव्हाच पडला असता. पण मी फक्त आमचंच मोजलं होतं. संशय आला की माणूस आपलं तेवढं मोजतो.

रात्रीच नानांकडे गेलो. सगळं समजावून सांगितलं, पाया पडलो. शिव्या खायची तयारी होती. नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “तू मास्तर. तुझा आकडा चुकंल असं मनात आलंच नाही माझ्या. मला वाटलं, वाटणीत दादानं नाहीतर बापानं काहीतरी केलं असंल, मला झुकतं माप दिलं असंल. तुमच्या हिरीचं पाणी घ्यायची लाज वाटली.”

आम्ही ज्याला राग समजत होतो, ती लाज होती. माझ्या आकड्यावर विश्वास ठेवून त्या माणसाने दहा महिने आपल्या मेलेल्या बापावर आणि भावावर संशय घेतला होता. भुईमुगाचं नुकसान पैशात भरून देता आलं, ते मी दिलं. बाकीचं कसं भरून देणार?

श्रोतेहो, या हकिगतीतून गणिताच्या तीन गोष्टी घरी न्या.

पहिली, नकाशाचं प्रमाण तीन तऱ्हांनी देतात. शब्दांत, ‘एक सेंटिमीटरला दहा मीटर’. अंकांत, ‘१:१०००’. आणि रेषेने, म्हणजे नकाशाखाली एक पट्टी काढून तिच्यावर शून्य, दहा, वीस मीटर अशा खुणा करून. पहिल्या दोन तऱ्हा मूळ कागदापुरत्याच खऱ्या. कागद लहान-मोठा झाला की त्या खोट्या ठरतात. रेषेची पट्टी मात्र चित्राबरोबरच आकसते आणि फुगते, म्हणून ती प्रतीवरही खरी राहते. मोबाइलवर दोन बोटांनी नकाशा मोठा करताना कोपऱ्यातल्या छोट्या रेषेकडे लक्ष द्या. तिची लांबी किंवा तिच्यावरचा आकडा बदलत राहतो, तो यासाठीच. आणि संगणकावरून प्लॅन छापताना ‘कागदात मावेल असं’ छापलं असेल, तर तो प्लॅन आमच्या झेरॉक्सचा सख्खा भाऊ समजा.

दुसरी, प्रमाण लांबीचं असतं. क्षेत्रफळाला ते दोनदा लागतं आणि घनफळाला तीनदा. दहा सेंटिमीटर व्यासाची पुरी आणि वीस सेंटिमीटरची भाकरी सारख्याच जाडीची केली, तर पीठ दुप्पट नाही, चौपट लागेल. शाडूची एक फुटी भरीव गणेशमूर्ती आहे. तशीच हुबेहूब दोन फुटी करायची, तर रंग चौपट लागेल आणि माती दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे आठपट. वजनही आठपट. गॅलिलिओने १६३८ मधल्या आपल्या ग्रंथात हाच मुद्दा हाडांबाबत मांडला. प्राणी दुप्पट उंच झाला तर वजन आठपट होतं, पण हाडाच्या छेदाचं क्षेत्र चौपटच वाढतं. म्हणून मोठ्या प्राण्याची हाडं नुसती लांब होऊन भागत नाही, ती प्रमाणाबाहेर जाड व्हावी लागतात. हरीण मोठं केलं की हत्ती होत नाही, तो यामुळे. पाण्याची टाकी ‘दुप्पट मोठी’ सांगताना लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही दुप्पट सांगितलीत, तर आठ टाक्यांचं पाणी गच्चीवर चढेल आणि स्लॅबला त्याचा भार सोसावा लागेल.

तिसरी गोष्ट पडताळ्याची. कुठलाही नकाशा किंवा प्लॅन हातात आला की आधी त्यावरचं एक असं अंतर शोधा, जे तुम्हाला प्रत्यक्ष ठाऊक आहे. दाराची रुंदी, दोन खांबांमधलं अंतर, विहीर ते बांध. ते कागदावर मोजा. जुळलं तर पुढे जा. नाही जुळलं, तर जमिनीवर संशय घेण्याआधी कागदावर घ्या. त्रिकोण जोडत हिमालयापर्यंत जाणारेसुद्धा मधूनच थांबून एखादी रेषा प्रत्यक्ष मोजून बघत. मी तर पट्टी घेऊन ओसरीवरच बसलो होतो. रानात पाय ठेवला नव्हता.

पुढे निवृत्त होईपर्यंत प्रमाणाचा धडा आला की मी त्या झेरॉक्सच्या प्रती वर्गात वाटायचो. मुलं पट्ट्या लावायची, ‘एकाहत्तर आर’ असं उत्तर काढायची आणि सगळे हात वर व्हायचे. मी म्हणायचो, उत्तर चूक. मुलं पुन्हा गुणाकार तपासायची. गुणाकार बरोबरच असायचा. मग कधीतरी शेतकऱ्याघरचं एखादं पोर, बहुधा मागच्या बाकावरचं, विचारायचं, “सर, विहिरीपासून बांधाला पाइप किती लागतात?”

त्या पोराला मी पैकीच्या पैकी गुण द्यायचो.